पुढचेकाकांचं बाक

पुढचेकाकांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, दारावरच्या पाटीवरही होतं. पण ते वाचायची तसदी कधी कुणी घेतली नाही. भरती कार्यालयात त्यांनी सव्वीस वर्षं काढली. कागदोपत्री कनिष्ठ सहायक. प्रत्यक्षात काम एकच. मुलाखतीच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसायचं, आतून घंटी वाजली की यादीवर खूण करायची आणि बाकावरच्या रांगेकडे बघून खणखणीत आवाजात म्हणायचं, "पुढचे!" हा शब्द त्यांच्या तोंडात इतका मुरला होता की सकाळी अंघोळ आटोपून न्हाणीघराबाहेर येतानाही ते "पुढचे!" म्हणूनच येत, आणि काकू टॉवेल घेऊन निमूट आत जात.

गंमत अशी, की हजारो माणसं मुलाखतीला आत सोडणाऱ्या या गृहस्थाने स्वतः जन्मात एकही मुलाखत दिली नव्हती. वडील नोकरीत असताना गेले, त्यांच्या जागी हे चिकटले. दाराच्या आत काय चालतं ते त्यांनी कधी पाहिलं नाही. पण बाहेरून त्यांनी जे पाहिलं त्यावर त्यांचं एक शास्त्र तयार झालं होतं, आणि ते शास्त्र ऐकून घेतल्याशिवाय त्यांच्या घरी कुणाला चहा मिळत नसे. मुलाखत आत ठरत नाही, बाकावर ठरते, हा त्यातला पहिला सिद्धान्त. बाकाच्या कडेला टेकलेला माणूस पडतो, पाठ टेकून बसलेला लागतो, हा दुसरा. आणि तिसरा, सगळ्यात पक्का: चहाआधीचा उमेदवार बळीचा बकरा, चहानंतरचा घरचा जावई. कारण पोटात काही नसलं की साहेब लोक वसकन अंगावर येतात.

ते दिवसच वेगळे होते. कुणाच्या घरी पत्र आलं की जिन्यातच सगळ्यांना कळायचं, आणि सल्ला मागावा लागायचा नाही. तो आपोआप वर चढून यायचा.

तर एके दिवशी पुढचेकाकांच्या लेकीला, म्हणजे ठमीला, व्यवस्थापनाच्या एका मोठ्या संस्थेतून मुलाखतीचं पत्र आलं. (ठमी बावीस वर्षांची होती आणि तिला कुणी ठमी म्हटलेलं खपत नव्हतं; पण तिच्या खपण्याला विचारतो कोण!) तिने चार ठिकाणी अर्ज केले होते. तीन ठिकाणांहून नकार आला होता. उरलं हे एक. इथेही नाही जमलं तर काकांच्या ओळखीने कार्यालयात टंकलेखिकेची जागा तयार होती, आणि ती जागा ठमीला नको होती. ती तसं बोलली नव्हती, पण काकांना ते ठाऊक होतं. सव्वीस वर्षं चेहरे वाचणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोरीचा चेहरा वाचता येणार नाही, असं कसं होईल?

पत्रात लिहिलं होतं, 'लेखी परीक्षा, आधीचे गुण व मुलाखत यांचा एकत्रित विचार करून निवड होईल.' एकत्रित म्हणजे कशाला किती, त्याचा पत्ता नाही. झालं! इमारतीला आठवडाभराचं काम मिळालं.

"मुलाखतीला फार तर दहा टक्के," चौथ्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले. ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते आणि आता सोसायटीचे सचिव होते, त्यामुळे निवृत्त झाल्यासारखं त्यांच्यात काही उरलं नव्हतं. "लेखीत काय आहे ते महत्त्वाचं. बाकी नुसती बडबड."

"छे हो मास्तर, शंभर टक्के!" समोरचे विमेवाले म्हणाले. "माणूस कागद वाचून सही करत नाही, तोंड बघून करतो. माझा धंदाच त्यावर चाललाय."

तळमजल्यावरचे होमिओपॅथीचे डॉक्टर जरा विचार करून म्हणाले, "मात्रा लहान, पण परिणाम मोठा." ते कशाबद्दलही असंच म्हणत.

काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, की पोरीचा सराव घ्यायचा. "आणि सराव म्हटलं की बाक आलं."

"अहो, खुर्च्या आहेत की घरात चार," काकू म्हणाल्या.

"खुर्चीवर बसून बाकाचा सराव होतो होय? पाण्यात न उतरता पोहणं आहे ते!"

"बाबा, मला बसता येतं," ठमी म्हणाली.

"सगळ्यांना तसंच वाटतं," काका म्हणाले.

डॉक्टरांच्या दवाखान्यात रोग्यांसाठी एक बाक होतं. सात फुटी, जाड लाकडाचं, पाठ असलेलं. डॉक्टर भिडस्त, नाही म्हणाले नाहीत. रविवारी दवाखाना बंद असताना काका, विमेवाले आणि डॉक्टरांचा कंपाउंडर असे तिघे बाक उचलून जिना चढू लागले. काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर. पहिला मजला पार पडला. दुसऱ्याच्या आधी जिना वळतो तिथे बाकाचं एक टोक कठड्यात गेलं, दुसरं भिंतीत रुतलं, आणि बाक अडकलं. वर जाईना, खाली येईना. विमेवाले म्हणाले, "तिरकं करा." तिरकं केलं. आधी ते निदान हलत तरी होतं.

त्यानंतर दोन दिवस इमारतीतली माणसं बाक ओलांडून ये-जा करत होती. दूधवाला कॅन पुढे ढकलत बाकाखालून रांगत जाई. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तर वर येतच नाही म्हणून कळवलं आणि डॉक्टरांच्याच दवाखान्यात जाऊन बसल्या, तेही उभ्यानेच, कारण बसायला बाक नव्हतं. आणि मास्तर! मास्तरांनी एक पाय बाकावर, एक पाय हवेत अशा अवस्थेत काकांच्या हातात नोटीस ठेवली. 'सामाईक जिन्यात विनापरवाना बाक ठेवून रहदारीस अडथळा आणल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.' खाली सही, शिक्का, जावक क्रमांक एक. सोसायटी स्थापन झाल्यापासून बाहेर पडलेला तो पहिलाच कागद होता.

काकांच्या मनाला ते फार लागलं. सव्वीस वर्षांत त्यांना एकही मेमो मिळाला नव्हता.

बरं, प्रकरण नोटिशीवर थांबतं तर ठीक होतं. मुलाखतीला जाताना चारित्र्याचा दाखला न्यायचा होता, आणि तो नात्यात नसलेल्या, शिक्षण खात्यातल्या वरिष्ठ माणसाचा हवा होता. असा माणूस इमारतीत एकच. काका अर्ज घेऊन चौथ्या मजल्यावर गेले.

"आधी बाक," मास्तर म्हणाले.

"मास्तर, पोरीच्या चारित्र्याचा आणि बाकाचा काय संबंध?"

"तोच तर मी शोधतोय."

शेवटी सुताराला बोलावलं. सुताराने बाकाभोवती दोनदा फिरून पाहिलं, म्हणजे एकदा वरून आणि एकदा खालून, आणि म्हणाला, "काका, जिना कापायचा की बाक?" बाक कापायचं ठरलं. त्याने एका बाजूचे दोन पाय आणि निम्मी फळी उडवली. बाक सुटलं खरं, पण कापलेली बाजू धड उभी राहीना. मग त्याने ती खिडकीच्या कट्ट्यावर टेकवली, दोन खिळे मारले, आणि बाक जिन्याच्या वळणावरच भिंतीला लागून पक्कं बसलं. आता जायला यायला वाट मोकळी झाली. डॉक्टरांनी येऊन पाहिलं. "राहू दे इथेच," ते खिन्नपणे म्हणाले. मास्तरांनी दाखला दिला. 'उमेदवाराची वर्तणूक चांगली आहे. वडिलांविषयी मत राखून ठेवले आहे.'

मग सराव. काकांच्या दारापासून नऊ पायऱ्या खाली ठमी बाकावर बसलेली. घरात मास्तर, डॉक्टर आणि विमेवाले खुर्च्यांवर ओळीने. दारात काका. आतून मास्तरांनी पळीने फुलपात्र वाजवलं की काका ओरडणार, "पुढचे!" आणि ठमी नऊ पायऱ्या चढून येणार. पहिल्या हाकेला ठमीऐवजी इस्त्रीवाला आत आला, कारण बाक दिसलं म्हणून तो दम खायला टेकला होता. मास्तरांनी त्याला दोन प्रश्न विचारले आणि त्याने उत्तरं बरी दिली, असं मागाहून सगळ्यांचं मत पडलं.

ठमी आली. मास्तरांनी व्यवस्थापनाची व्याख्या विचारली आणि तिचं उत्तर पुरं व्हायच्या आत स्वतःच सांगितली. डॉक्टरांनी झोप शांत लागते का, खारट आवडतं की गोड, आणि वारा सहन होतो का, असं विचारलं. विमेवाल्यांनी दहा मिनिटांत तिला वीस वर्षांच्या पॉलिसीचे फायदे सांगितले आणि फॉर्मही पुढे केला.

"अहो, चाललंय काय!" काका दारातून म्हणाले. "असं कुठे विचारतात का मुलाखतीत?"

मास्तरांनी चष्मा काढला. "पुढचे, एक विचारतो. तुम्ही कधी आत होता का? सव्वीस वर्षं तुम्ही दाराबाहेर. दाराबाहेरच्या माणसाने आतलं सांगू नये."

विमेवाल्यांनी फॉर्मची घडी घातली. काका "बरोबर आहे" म्हणाले आणि सगळ्यांचे कप उचलून आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. स्वयंपाकघरात ते नुसते उभे होते. अपमानापेक्षा त्यांना भीती वाटली होती, की मास्तर म्हणतात ते खरं असेल तर? आपण पोरीला जे शिकवतोय ते सगळं फुकटच असेल तर?

मुलाखतीच्या दिवशी ठमी म्हणाली, "बाबा, तुम्ही येऊ नका." काका "नाही येत" म्हणाले आणि तिच्या आधी बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले.

संस्थेची इमारत चकचकीत होती, पण तिसऱ्या मजल्यावरचा व्हरांडा बघून काकांना माहेरी आल्यासारखं वाटलं. तोच बंद दरवाजा, तेच लांब बाक, तशीच भिंतीला डकवलेली यादी. ठमीचा नंबर सातवा. सहाव्यानंतर साहेबांचा चहा, असं तिथल्या शिपायाने सांगितलं आणि काकांचा जीव भांड्यात पडला. सातवा म्हणजे चहानंतरचा पहिला! याहून चांगली जागा मागून मिळाली नसती.

पाच जण आत जाऊन आले. शिपाई चहा सांगायला म्हणून खाली गेला, तो गेलाच. आतून घंटी वाजली. कुणी हललं नाही. परत वाजली, जरा रागाने. काका जागचे उठले. खरं तर ते उठले नाहीत, त्यांचे पाय उठले. भिंतीवरची यादी त्यांनी बोटाने पाहिली, वळले आणि ज्या आवाजाने सव्वीस वर्षं व्हरांडे दणाणले होते त्या आवाजात म्हणाले, "पुढचे!"

सहावा नंबर एका उंच, हडकुळ्या मुलाचा होता. बाकाच्या अगदी कडेला टेकलेला. तो उठला, कोट ओढला आणि "हिक्" असा आवाज झाला. उचकी! परत हिक्. घामाने त्याची कॉलर भिजली होती, आणि तो काकांकडे अशा नजरेने बघत होता की जणू आता दार नको, खिडकीच दाखवा.

काकांनी एक क्षणही विचार केला नाही. असे शेकडो त्यांनी पाहिले होते. अशाला आत सोडायचं नसतं, मागचा पुढे घ्यायचा असतो, हा त्यांचा कायदाच होता. "तुम्ही बसा. सात नंबर, चला तुम्ही!"

ठमीने वडिलांकडे पाहिलं. चहाआधीचा बळीचा बकरा वगैरे सगळं तिला तोंडपाठ होतं. मग तिने त्या मुलाकडे पाहिलं. "जाते," म्हणाली आणि आत गेली.

काकांनी त्या मुलाला पाणी दिलं. सात घोट, श्वास धरून. उचकी जाईना. पाठीत थापट्या मारल्या. जाईना. तेव्हा काकांनी आपला शेवटचा उपाय काढला. यादीवरून बोट फिरवत ते गंभीरपणे म्हणाले, "अहो, तुमचं तर यादीत नावच दिसत नाही."

मुलगा पांढराफटक पडला. उचकी बंद.

"आहे आहे, सहावं आहे," काका म्हणाले. "आता पाठ टेकून बसा."

आणि मग, त्या बंद दाराकडे बघताना, आपण काय करून बसलो ते त्यांच्या डोक्यात उतरलं. सात नंबर. सात नंबर म्हणजे ठमी! स्वतःच्या हाताने, स्वतःच्या तोंडाने त्यांनी पोटच्या पोरीला चहाआधी आत ढकललं होतं. काका मटकन खाली बसले, तेही बाकाच्या कडेला.

चार मिनिटांत ठमी बाहेर आली. चार! आधीच्या कुणाला पंधराच्या खाली लागली नव्हती. तिच्या पाठोपाठ शिपाई चहा घेऊन आत गेला. मग तो उंच मुलगा गेला तो पंचवीस मिनिटं, आणि आतून हसण्याचे आवाज येत होते.

बसमध्ये ठमी एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही खिडकीशी बसा. वारा येईल." तिने रागवायला हवं होतं. ती रागावली नाही, याने काकांना जास्त रडू आलं.

"काय विचारलं गं?" काकूंनी घरी विचारलं.

"एकच. नंबर सातवा असून आधी का आलात? मी म्हटलं, सहाव्याला उचकी लागलीय. ते म्हणाले, मग तुमचं काय? मी म्हटलं, मला नाही लागली. तेवढ्यात चहाची वेळ झाली."

पुढचे तीन आठवडे काका न्हाणीघरातून मुक्याने बाहेर पडत. काकूंना आत कधी जायचं ते कळेनासं झालं. मग पत्र आलं. ठमीची निवड झाली होती! इमारत दणाणून गेली. मास्तर म्हणाले, व्याख्या उपयोगी पडली. डॉक्टर म्हणाले, मी चार गोळ्या दिल्या होत्या. विमेवाले म्हणाले, बोलणं माझ्याकडून उचललंय तिने. काका काहीच म्हणाले नाहीत. त्यांच्या शास्त्राप्रमाणे हे व्हायलाच नको होतं, आणि आनंदाच्या भरातही शास्त्र बुडाल्याचं त्यांना वाईट वाटलं. त्यानंतर त्यांनी मुलाखतीबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. चहा मात्र सगळ्यांना लगेच मिळू लागला.

तुम्हाला वाटलं असेल, तो उचकीवाला पुढे जावई झाला. नाही झाला. त्याने साधं पत्रही कधी पाठवलं नाही. जावई दुसराच मिळाला, चांगला आहे.

या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. काका ऐंशीच्या पुढे गेले, काकू राहिल्या नाहीत. ठमी नोकरी करून, फिरून, त्याच संस्थेत शिकवायला लागली. इमारत तीच आहे आणि जिन्यातलं बाकही तिथेच आहे, गुळगुळीत झालेलं. दोनच माणसं मावतात त्यावर. मागच्या महिन्यात ठमी वडिलांना डॉक्टरांकडून घेऊन येत होती तेव्हा दमून ते बाकावर टेकले. तीही शेजारी बसली.

"बाबा, एक सांगू? संस्थेची जुनी कपाटं हलवली परवा. आमच्या वर्षाचं रजिस्टर सापडलं. बघायचं नसतं, पण बघितलं."

काका सावरून बसले. "किती होते गं मुलाखतीला?"

"शंभरात पंधरा."

"पंधरा? फक्त?"

"मला त्यातले सात दिलेत. पण लेखीत मी इतकी वर होते, की शून्य मिळालं असतं तरी आत गेले असते."

काका बाकाच्या फळीवरून हात फिरवत राहिले. "म्हणजे मास्तर म्हणत होते तेच. दाराबाहेरच्या माणसाचं काही चालत नाही."

"थांबा हो, पुरतं ऐका तरी. माझ्या वरची ओळ पाहिली मी. सहावा नंबर. लेखीत अगदी काठावर होता बिचारा. मुलाखतीत पंधरापैकी चौदा. दुसऱ्या गावच्या शाखेत गेला, म्हणून मला पुढे दिसला नाही; पण शेवटची जागा त्यालाच मिळाली, अर्ध्या गुणाने. तो उचक्या देत चहाआधी गेला असता तर, बाबा?"

काकांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. सव्वीस वर्षांत आत सोडलेले, बाहेर थांबवलेले, पाणी पाजलेले सगळे जण त्यांना आठवत होते. त्यांच्यातले असे अर्ध्या गुणावरचे किती असतील कोण जाणे!

"लागला म्हणायचा पोरगा," ते शेवटी म्हणाले.

"आणि आमच्याकडे आता काय करतात माहितीये? मी समितीवर गेले तेव्हा पहिल्याच दिवशी बदलून घेतलं. चहा आधी होतो. सगळेच चहानंतरचे."

काका हसले. तेवढ्यात खालून काठीची टकटक ऐकू आली. मास्तर येत होते, नव्वदीचे, धापा टाकत, पायरीगणिक थांबत. वळणावर येऊन त्यांनी दोघांकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं आणि श्वास सापडल्यावर म्हणाले, "पुढचे, नोटिशीचा खुलासा अजून आलेला नाही तुमचा."

काका लेकीच्या खांद्याचा आधार घेऊन उठले. बाकावरची जागा त्यांनी हाताने झटकली, ताठ उभे राहिले आणि सगळा जिना घुमेल अशा आवाजात म्हणाले, "पुढचे!"

मास्तर मुकाट्याने बसले. पाठ टेकून.